भिंतीवर शिळं नको

चादरींच्या कारखान्यात तिला सगळे फुलवाली म्हणायचे. फुलं विकायची म्हणून नव्हे, काढायची म्हणून. डिझाइन विभागात प्रत्येकाचा एकेक प्रांत ठरलेला होता. एक जण नुसते पट्टे आणि चौकटी काढायचा; त्याला पट्टेवाला म्हणत, आणि नवीन आलेले लोक त्या बिचाऱ्याला शिपाई समजून पाणी आणायला सांगत. दुसरा पक्षी काढायचा, पण त्याचे सगळे पक्षी शेवटी कावळ्यावर जायचे. फूल, पान, वेल म्हटलं की कागद फुलवालीच्या टेबलावर. लग्नाआधी ती त्या खोलीत शिरली होती. नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, केस पिकले, तरी ती त्याच खिडकीशी बसून पाकळ्या काढत होती. आपली फुलं कुणाकुणाच्या बिछान्यावर पसरली आहेत, हे तिला कधी कळलं नाही. चादरीवर काढणाऱ्याचं नाव नसतं.

मग एक दिवस कारखान्याने तो विभागच बंद केला. डिझाइनं आता संगणकावरून आयती येणार होती. मालकांनी मोठ्या मनाने (हे त्यांचेच शब्द) जुन्या माणसांना पॅकिंगमध्ये सामावून घेण्याचं ठरवलं. पॅकिंग म्हणजे कारखान्याच्या तळातली लांबलचक खोली. तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात बायका दिवसभर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या, मध्ये पुठ्ठा सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. पट्टेवाला तिकडे गेला. पक्षीवाला गावाला निघून गेला. फुलवालीने मात्र साहेबांना सांगितलं की मला विचार करायला वेळ द्या. साहेब भला माणूस होता. थंडी संपेपर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाला.

घरी मुलाने कपाळाला हात लावला.

"हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस तू आई! घड्या घालायला काय जातंय तुझं?"

"दुसऱ्याने काढलेल्या फुलांच्या घड्या मी घालणार नाही."

"मग काय करणार?"

याचं उत्तर सुनेकडे होतं. सून झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांचे दाखले, भाडेकरार आणि मुलांचे प्रकल्प स्कॅन करून करून तिला संगणकाची भीती उरली नव्हती. तिने सासूला ऑनलाइन बाजाराची गोष्ट सांगितली. तिथे आपण फक्त चित्र टाकायचं. गिऱ्हाइकाला आवडलं की बाजारवाले ते पडद्यावर, उशीवर, कपावर, तो म्हणेल त्यावर छापून त्याच्या घरी पोचवतात आणि आपला वाटा आपल्याला देतात. ना दुकान, ना भाडं, ना साहेब.

फुलवालीचे डोळे चमकले. तिने तिथल्या तिथे मुलाला सांगून टाकलं, "थंडी संपायच्या आत एका जरी अनोळखी माणसाने माझं एक जरी डिझाइन घेतलं, तर मी त्या कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. आणि नाही घेतलं, तर मुकाट्याने घड्या घालीन." मुलगा तयार झाला. घराला तिच्या पगाराची गरज होती हे खरं, पण आईच्या हातातला ब्रश काढून घ्यायला त्याच्याही जिवावर येत होतं.

सुरुवातीलाच माशी शिंकली. पहिलं डिझाइन, लाल-पांढऱ्या फुलांचं, बाजाराने नाकारलं. कागदाची सुरकुती दिसते म्हणे. दुसरं घेतलं, पण त्याबरोबर शोधासाठी शब्द मागितले. कारखान्यात डिझाइनला नंबर असायचा, शब्द कुठले?

"आई, लोक काय शोधत असतील तसं सांगायचं."

"फूल."

"नुसतं फूल म्हटलं तर लाखभर निघतात. कुठलं फूल, कसलं, कशासाठी?"

"अगं, बघितलं की कळतंय की!"

"बघेपर्यंत कुणी यायला तर पाहिजे ना."

शेवटी सुनेने आपल्या मनाने शब्द टाकले. मग बाजाराने नमुन्याची चित्रं आपसूक तयार करून दाखवली, आणि ती बघून फुलवालीला रडावं की हसावं कळेना. मोबाइलच्या कव्हरवर तिच्या गुलाबाच्या बरोबर काळजात कॅमेऱ्याचं भोक. तिची जाईची वेल कुत्र्याच्या अंगरख्यावर, तीही उलटी. "याला शेंडा कुठला, बूड कुठलं काही समजत नाही काय?" ती फोनवर ओरडली. फोन काय बोलणार?

आणि मग सुरू झालं वाट बघणं. रोज संध्याकाळी सून कामावरून आली की फोन सासूच्या हातात द्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. फुलवाली चष्मा लावून त्यावरचं आपलं दुकान उघडायची. किती जणांनी बघितलं त्याचा आकडा तिथे यायचा. पहिल्या आठवड्यात एकाने बघितलं होतं. ती इतकी हरखली, की मुलाला बाथरूमच्या दाराबाहेरून हाका मारून सांगितलं. नंतर कळलं, तो एक म्हणजे सूनच. झेरॉक्सच्या दुकानातून बघत होती, बरोबर दिसतंय का म्हणून.

सून धीर द्यायची. "हे असंच असतं आई. पी हळद अन् हो गोरी असं होत नाही इथे. चित्र तिथे जितके दिवस राहील तितकं ते लोकांच्या नजरेत येतं. सगळ्यांचंच पहिलं वर्ष असं जातं." फुलवाली मान हलवायची. पण मनात म्हणायची, पोरगी समजूत घालतेय. न विकलेलं डिझाइन जितकं जुनं होईल तितकं चांगलं? असं कुठे असतं का? अख्खी हयात तिने याच्या बरोबर उलटं बघितलं होतं.

ते काय, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

कारखान्याच्या डिझाइन विभागात एक लांब भिंत होती. आठवडाभर ज्याने जे काढलं ते त्या भिंतीवर लागायचं. व्यापारी येऊन बघायचे, पसंत पडेल ते घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी विभागाचे मास्तर भिंतीसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "उतरवा." जे कुणी घेतलं नसेल ते ज्याने काढलं त्यानेच उतरवायचं आणि सगळ्यांसमोर आपल्या हाताने चार तुकडे करून टाकायचं. कुणी हळहळलं तर मास्तर म्हणायचे, "भिंतीवर शिळं नको. व्यापाऱ्याने तेच चित्र दुसऱ्यांदा बघितलं, की तो म्हणतो, यांचा हात आटला." आणि फाडलेलं डोक्यातही ठेवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. डोक्यात राहिलं तर सोमवारी तेच पुन्हा हातातून उतरणार. फाडा, विसरा, नवीन काढा. पट्टेवाला फाडताना डोळे मिटायचा. फुलवाली मिटत नसे. तिला त्या फाडण्याचा अभिमान होता. ज्याच्या हातात आहे त्याला फाडायची भीती कसली?

जित्याची खोड ती. ऑनलाइन दुकानातल्या चित्रांखाली कचऱ्याच्या डब्याचं एक बारकं चित्र होतं. ते कशासाठी असतं हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पहिल्या शनिवारी, सून भाजी चिरत असताना, फुलवालीने आठवड्याची न विकलेली डिझाइनं एकेक करून त्या डब्यात टाकली. बाजाराने विचारलं, नक्की ना? नक्की, तिने दाबलं. मग कपाटामागून मूळ कागद काढले, प्रत्येकाचे चार तुकडे केले आणि मन साफ झाल्यासारखी हात धुऊन जेवायला बसली. सोमवारी नवीन काढली. सुनेने ती दुकानात नेऊन स्कॅन केली आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीतून घाईघाईने बाजारात टाकली. शनिवारी पुन्हा डबा.

तिने हे लपवलं असं म्हणता येत नाही. सांगितलं नाही, इतकंच. एकदा सुनेने विचारलं, "आई, आपली जुनी कुठे दिसत नाहीत?" तेव्हा मात्र ती "असतील मागे कुठेतरी" म्हणाली आणि विषय बदलला. ते खोटं होतं आणि तिला ते टोचलं. पण तिला वाटलं, हिला काय सांगायचं? कारखान्यातली शिस्त झेरॉक्सच्या दुकानात कळणार नाही. विकलं गेलं की सांगू.

आता ती झपाटल्यासारखी काढत होती. मुलगा म्हणायचा, आई नोकरीत होती तेव्हा इतकी राबत नव्हती. अबोली, कर्दळ, घाणेरी, कण्हेर, कुंडीत आपोआप उगवलेलं नाव नसलेलं रोप, काही सोडलं नाही. पण फोनवरचा आकडा हलेना. कधी पाच जणांनी बघितलेलं असायचं, कधी कुणीच नाही. बघणारे कोण, कुठले, थांबले का, नाक मुरडून गेले का, काही कळायला मार्ग नाही. व्यापारी निदान तोंडावर नावं ठेवायचे. एकदा एकाने तिच्या कमळाला "कोबी" म्हटलं होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती, पण निदान त्याने बघितलं तरी होतं. इथे शिव्या घालायलासुद्धा कुणी येत नव्हतं. तिला वाटायला लागलं, की आपण भरल्या बाजारात उभ्या आहोत आणि कुणाला दिसतच नाही. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. पण आंघोळीला गेली की ती नळ सोडून रडायची, आणि मुलगा-सून दोघंही पाण्याचा आवाज ऐकून ओळखायची.

थंडी कमी व्हायला लागली होती तेव्हाची गोष्ट. भोपळ्याच्या वेलाचं एक डिझाइन तिने टाकलं होतं. त्याच्याखाली एक लाल बदाम उमटला. सून नाचायचीच बाकी राहिली. "आई, कुणीतरी पसंत करून ठेवलंय! अनोळखी माणूस आहे!"

"घेतलं का?"

"नाही, ठेवलंय. नंतर घेण्यासाठी."

फुलवालीने फोन खाली ठेवला. हे तिला ओळखीचं होतं. व्यापारीही भिंतीसमोर उभे राहून मान डोलवायचे, वा वा म्हणायचे, एखादं तर हाताने चाचपून बघायचे आणि मग शेजारचं घेऊन जायचे. मान डोलवली म्हणजे नाही घेतलं. आल्या शनिवारी बदामासकट भोपळ्याचा वेल डब्यात गेला. कागदाचे चार तुकडे झाले.

त्यानंतरचा दुसरा आठवडा. सून दुपारीच घरी आली. रिक्षाने आली होती, एरवी चालत यायची. चपलासुद्धा न काढता आत आली.

"आई, निरोप आलाय. खराखुरा. ऐका." आणि तिने उभ्या उभ्या वाचून दाखवला.

कुठल्याशा लांबच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या लहान मुलांचा दवाखाना काढत होत्या. त्यांना सगळ्या खिडक्यांना पडदे हवे होते, आणि पलंगांवरच्या चादरीही. भोपळ्याचा वेल त्यांनी पसंत करून ठेवला होता, भागीदारांना दाखवला होता, सगळ्यांना आवडला होता. त्यात एका पानाखाली एक फूल लपलेलं आहे, ते आजारी मुलं शोधत बसतील, असं त्यांनी लिहिलं होतं. पण आज घ्यायला गेल्या तर ते डिझाइन सापडत नाही. कुठे आहे? बुधवारच्या आत कळवाल का?

"मला पण सापडत नाहीये," सून म्हणाली. "सगळं दुकान बघितलं. ह्या आठवड्याची सोडून एकही नाही. बाजारवाल्यांची काहीतरी चूक झालीय. तुम्ही मूळ कागद द्या, मी लगेच पुन्हा टाकते."

सुनेने कपाटामागे हात घातला. तिथे नुसती भिंत होती.

"आई, कागद?"

मग तिला सांगावं लागलं. भिंत, मास्तर, शनिवार, डबा, सगळं. सांगताना तिला पहिल्यांदाच ते वेडेपणाचं वाटलं. मास्तरांचा आवाज काढून "भिंतीवर शिळं नको" म्हणायला गेली आणि अर्ध्यातच थांबली.

सून खाली फरशीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इथे भिंत नाही हो आई," ती म्हणाली. "इथे रोज नवा माणूस येतो. त्याला काय शिळं आणि काय ताजं? जे जास्त दिवस राहतं तेच वर येतं, मी सांगत होते ना तुम्हाला?"

"मला वाटलं, माझी समजूत घालतेस."

"समजूत घालत होते. पण खोटं नव्हतं ते."

"तुझ्या दुकानातल्या संगणकात असेल ना एखादी प्रत?"

"तो रोज संध्याकाळी साफ करतात. लोकांचे दाखले राहू नयेत म्हणून. मला वाटलं, बाजारात आहेत ना ठेवलेली, मग कशाला..." तिने वाक्य सोडून दिलं. बाजारवाल्यांना विचारलं; तिकडून साच्यातलं उत्तर आलं, की काढून टाकलेली चित्रं परत मिळत नाहीत.

मग सूनच उठली आणि म्हणाली, "पुन्हा काढा. तुमचंच तर आहे. तुम्हाला काय जड आहे?"

खरंच काय जड होतं? फुलवालीने कागद ताणून लावला. ब्रश ओला केला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो वेल तिला आठवत नाही.

भोपळ्याचा वेल काढता येत नव्हता असं नाही. तो तिने झोपेतही काढला असता. पण तो वेल, त्या बाईंनी बघितलेला, तो कुठे वळला होता, पानं दाट होती की विरळ, काही आठवेना. आणि पानाखालचं फूल? तिने फूल लपवलं होतं? कधी? कशासाठी? मुद्दाम लपवलं होतं, की पिवळा रंग सांडला म्हणून वरून पान काढलं होतं? तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एका परक्या बाईने तिचं चित्र तिच्यापेक्षा नीट बघितलं होतं, आणि काढणारीने मात्र शिस्तीत विसरून टाकलं होतं. उभ्या जन्मात किती फाडली असतील, आणि त्यातलं एकही तिला डोळ्यांसमोर आणता येईना. याचा तिला अभिमान होता!

ती दोन दिवस बसली. जेवणाचं ताट टेबलावर यायचं आणि तसंच परत जायचं. एका कागदावर फूल इतकं लपलं, की तिचं तिलाच सापडेना. दुसऱ्यावर ते असं डोकावत होतं, की छपाईतली चूक वाटावी. तिसरा वेल चांगला उतरला. पट्टेवाल्याने बघितला असता तर हात जोडले असते. सुनेने तो पाठवला. बुधवार उजाडायच्या आत पाठवला.

उत्तर सभ्य होतं. हा वेलही सुंदर आहे, पण तो नाही. तो मनात इतका बसला होता, की आता दुसरा वेल बघवत नाही; आम्ही ढगांचं एक डिझाइन घेतलं आहे. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.

सुनेने ते दोनदा वाचलं. मुलगा म्हणाला, "थंडी अजून आहे थोडी. साहेबांना मी सांगतो." त्याने तसं म्हणावं हे फुलवालीला सगळ्यात जास्त लागलं. तो चिडला असता, मी म्हणत होतो ना, असं म्हणाला असता, तर तिला भांडता आलं असतं.

"नको," ती म्हणाली. "थंडी संपली."

"अहो आई, उरलेली आहेत ना तिथे," सून म्हणाली. "ती तशीच ठेवू. वर्षभराने..."

"ठेव," फुलवाली म्हणाली. "मला विचारू नकोस."

फोन तिने स्वतःच केला. साहेब म्हणाला, या की, तुमची जागा तशीच आहे.

सोमवारी ती तळातल्या खोलीत उभी राहिली. शेजारच्या बाईने एकदा दाखवलं: कडा जुळवायच्या, दोन घड्या लांबीत, तीन रुंदीत, पुठ्ठा, पिशवी. पहिलीच चादर हातात आली ती फुलांचीच. कुणीतरी संगणकावर काढलेली, देठ बोटाएवढे जाड. एका ठिकाणी डिझाइनचा जोड चुकलेला होता, अर्धं फूल इकडे आणि अर्धं तिकडे. डिझाइन विभागात असा जोड कुणी सोडला असता तर मास्तरांनी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. फुलवालीने जोडाकडे बघितलं. मग चादर अशी वळवली, की जोड घडीच्या आत गेला आणि वरती अखंड फूल आलं. पुठ्ठा सरकवला. पिशवी चढवली.

शेजारची बाई बघत होती. तिने ते पाकीट उचलून उजेडात धरलं, इकडून तिकडून फिरवलं आणि पलीकडच्यांना दाखवलं.

"बघा गं, पहिल्याच दिवशी! काय सुरेख जमलंय हो तुम्हाला!"

इतक्या महिन्यांत समोर उभं राहून, हातात घेऊन, तिच्या कामाला कुणी परक्याने चांगलं म्हटलं ते हे पहिलंच. फुलवालीला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, छातीत ऊब आली, आणि बरं वाटतंय हे कळताच तिला ते सहन होईना. तिने पुढची चादर ओढली आणि तोंडासमोर उंच झटकली, कुणाला काही दिसू नये म्हणून.